खिडकी उघडी ठेवली म्हणून

प्रश्न : ताई, माझं वय ५४. हे गेले त्याला १४ महिने झाले. २७ वर्षांचा संसार. त्यांना वाऱ्याने खोकला यायचा, म्हणून रात्री खिडकी कायम बंद असायची. गेल्या महिन्यात मी पहिल्यांदाच ती उघडी ठेवून झोपले आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी मात्र रडू आवरेना. ते गेले म्हणून मला बरं वाटलं का? परवा भाचीने विचारलं, 'मावशी, तुला स्वतःला काय आवडतं?' मला सांगताच येईना. – एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या खिडकीपाशीच थांबले.

बरं वाटलं ते वाऱ्याने, त्यांच्या जाण्याने नव्हे. त्या रात्री शेजारी कुणी खोकलं असतं, तर तुम्ही अंधारात चाचपडत उठून खिडकी लावली असतीत. हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आणि समजा, त्या झोपेत थोडी सुटकाही असेल. असू दे. इतक्या वर्षांच्या सोबतीत माणूस काही गोष्टी आपखुशीने सोडतो, काही जरा कुरकुरत. कुरकुरत सोडलेलं हाती परत आलं की बरं वाटणारच. तेवढ्याने संसार खोटा ठरत नाही. माझी आई गेल्यावर काही दिवसांनी भाऊ आणि मी कशावर तरी खळखळून हसलो आणि हसता हसता दोघांनीही दचकून तिच्या खोलीकडे पाहिलं. ते दचकणं मी अजून विसरलेले नाही, म्हणून तुमची सकाळ मला कळते.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये शोकाबद्दल जे मांडलं, ते मला फार पटतं. जवळचं माणूस गेल्यावर आपण एका रेषेत पुढे सरकत नाही. कधी गेलेल्या माणसाकडे वळतो, कधी समोरच्या जगण्याकडे, पुन्हा मागे. या ये-जा करण्यातूनच माणूस सावरतो, असं त्यांचं म्हणणं. तुमची ही ये-जा एका रात्रीत झाली. झोपही खरी होती, रडूही खरं होतं.

एक गोष्ट मात्र पत्रावरून कळत नाही, म्हणून विचारते. रोजची कामं होत नाहीत, कुणाला भेटावंसं वाटत नाही, जगणंच नकोसं वाटतं, असं आहे का? तसं असेल तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

आता भाचीचा प्रश्न. 'काय आवडतं' हे एका दमात सांगता येण्यासारखं नाही. आणि २७ वर्षं दोघांचा विचार करून सगळं ठरवत आलेल्या बाईला तर नाहीच. म्हणून लगेच एखाद्या वर्गाला नाव घालू नका, छंद शोधायच्या मागे लागू नका. दिवसातल्या बारीकसारीक जागी स्वतःला विचारा. संध्याकाळी दिवा लावू की थोडा वेळ अंधारात बसू? रेडिओ हवा की शांतता? कुठल्या खुर्चीत बसल्यावर पाठ सैल पडते? काही ठिकाणी उत्तर येईल, 'हे मला कधीच आवडलं नव्हतं.' तेही चालेल. आणि काही ठिकाणी त्यांचीच आवड निघेल, इतकी मुरलेली की ती आता तुमचीच झाली आहे. ती मुद्दाम काढून टाकायला जाऊ नका.

आज रात्री खिडकी उघडी ठेवा. थंडी वाजली तर उठून लावा. आठवण आली तर रडा, मग पुन्हा झोपा. आणि सकाळी भाचीला फोन करा. तिला सांगण्यापुरतं एक उत्तर तुमच्याकडे आहे : मावशीला रात्रीचा वारा आवडतो.