वाचकांचे प्रश्न : अवजड वाहतुकीत टक्क्यांवर पगार घ्यावा का?

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा. विवाहानंतर अमेरिकेत स्थायिक झालो आणि गेली दोन वर्षे एका कंपनीचा बंद ट्रेलरचा ट्रक मैलामागे पगारावर चालवीत आहे. आता ह्यूस्टनजवळच्या एका लहान कंपनीने मला लोबॉय ट्रेलरवर (जमिनीलगत खाली असलेल्या सपाट ट्रेलरवर) अवजड यंत्रे वाहण्याचे काम देऊ केले आहे. ट्रक कंपनीचाच असेल. पगार म्हणून प्रत्येक खेपेच्या भाड्याचे २५ टक्के मिळतील, त्याखेरीज काही नाही. एका खेपेचे भाडे सहा-सात हजार डॉलर असते असे मालक सांगतात. माझे वडील न्हावाशेवा बंदरातून कंटेनर वाहत आणि त्यांनाही खेपेवरच पैसे मिळत, त्यामुळे ही पद्धत मला परकी नाही. तरी या कामात मी नवखा आहे. हे काम स्वीकारावे का?
— एक वाचक, ह्यूस्टन (टेक्सस)

उत्तर : आपल्या पत्रात २५ टक्के हा आकडा आहे, पण हे टक्के नेमक्या कोणत्या रकमेवर मोजले जाणार ते नाही, आणि माझ्या मते निर्णय तिथेच अडलेला आहे. ट्रकचे एकूण वजन ८०,००० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३६ टनांच्या वर गेले किंवा मालाची रुंदी साडेआठ फुटांपेक्षा जास्त झाली की वाटेतील प्रत्येक राज्याचे वेगळे परमिट घ्यावे लागते, आणि माल फारच मोठा असेल तर पुढे-मागे पायलट गाड्याही (मार्ग पाहणाऱ्या आणि इतर वाहनांना सावध करणाऱ्या सोबतच्या गाड्या) ठेवाव्या लागतात. हा सर्व खर्च ग्राहकाने दिलेल्या रकमेतच धरलेला असतो. काही कंपन्या पूर्ण रकमेवर टक्के देतात, काही हा खर्च वजा करून उरलेल्या निव्वळ भाड्यावर देतात, तर काही इंधन अधिभारही (इंधनाच्या दरानुसार भाड्यावर लावलेली जादा रक्कम) वगळतात.

उदाहरणादाखल ह्यूस्टनहून ओक्लाहोमा सिटीला एक एक्स्कॅव्हेटर न्यायचा आहे आणि ग्राहक ६,५०० डॉलर देणार आहे असे धरू. परमिट आणि पायलट गाडीचे मिळून १,८०० डॉलर वजा झाले तर उरतात ४,७००. पूर्ण रकमेवर आपला वाटा १,६२५ डॉलर होतो, निव्वळ भाड्यावर तोच १,१७५. एकाच खेपेत साडेचारशे डॉलरचा फरक पडतो, आणि दोन्ही ठिकाणी शब्द मात्र ‘२५ टक्के’ हाच असतो.

आता या खेपेला किती दिवस लागतील ते पाहा, कारण बंद ट्रेलर चालवणाऱ्या माणसाला इथेच सर्वांत मोठा फरक जाणवतो. आजवर आपण दिवसाला ११ तास चालवण्याच्या मर्यादेत रात्रीही गाडी हाकली असेल. आकाराने मोठ्या मालाचे परमिट बहुतेक ठिकाणी केवळ दिवसाउजेडी चालवू देते, अनेक मोठ्या शहरांत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मज्जाव असतो, काही राज्यांत शनिवार-रविवार आणि सणांच्या सुट्ट्यांनाही बंधने असतात, आणि जोराचा वारा किंवा बर्फ असेल तर गाडी जागच्या जागी उभी करावी लागते. डिसेंबरात ह्यूस्टनला दिवस जेमतेम दहा तासांचा असतो. एक दिवस यंत्र चढवून बांधण्यात, एक परमिटची वाट पाहण्यात, एक प्रवासात आणि एक रिकामा ट्रेलर परत आणण्यात गेला, तर वरच्या १,१७५ डॉलरचे दिवसाला २९४ सुद्धा पडत नाहीत. ताशी ३२ डॉलरने रोज दहा तासांचे चार दिवस मोजले तर तेच काम १,२८० डॉलरचे होते. शिवाय आंतरराज्य वाहतुकीतील चालकांना ओव्हरटाइमचा संघीय कायदा सहसा लागू होत नाही. किमान वेतनाचे संरक्षण असते, पण ते २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवरच थांबलेले आहे, त्यामुळे त्याचा आधार नाममात्रच समजावा.

याचा अर्थ टक्क्यांची पद्धत वाईट आहे असा मुळीच नाही. या कामात मैल थोडे आणि जोखीम मोठी असते, त्यामुळे मैलामागे पगार हा उलट अन्यायच ठरतो. भाडे वाढले की आपलाही वाटा वाढतो, आणि अनुभवी चालकाला चांगला डिस्पॅचर (खेपा मिळवून वाटून देणारा) लाभला तर याच पद्धतीत त्याची कमाई सर्वांत जास्त होते. माझा आक्षेप नवख्या माणसाला पहिल्याच वर्षी केवळ टक्क्यांवर ठेवण्याला आहे. दहा हजार पौंडांच्या वरचे चाकांचे किंवा पट्ट्यांचे यंत्र किमान चार ठिकाणी बांधावे लागते, प्रत्येक साखळदंडाची सुरक्षित भार पेलण्याची क्षमता किमान ५,००० पौंडांची असावी लागते, आणि बूम (यंत्राचा लांब हात) व बकेट (खोदण्याचे टोपले) खाली घेऊन वेगळी जखडावी लागतात. मुरलेला चालक हे भराभर उरकतो. आपल्याला सुरुवातीला त्याच्या दुप्पट वेळ लागेल, आणि लागायलाच हवा. त्या वेळेचे पैसे मिळत नसतील तर प्रत्येक वेळी घाईचा मोह होईल, आणि या कामात घाई फार महाग पडते. २३ मे २०१३ रोजी वॉशिंग्टन राज्यात इंटरस्टेट ५ वरील स्कॅजिट नदीच्या पुलाच्या वरच्या पोलादी चौकटीला एका ट्रकवरचा उंच माल धडकला आणि पुलाचा एक गाळा नदीत कोसळला. त्या ट्रककडे परमिट होते आणि पुढे पायलट गाडीही होती. परंतु चौकट कमानदार असल्याने कडेच्या लेनवर तिची उंची मधल्या भागापेक्षा कमी होती. पाण्यात पडलेले तिघेही सुदैवाने वाचले. परमिट हाती आले म्हणजे मार्ग तपासला गेला असे होत नाही. तो तपासायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचा मोबदला कोणीतरी द्यायला हवा.

म्हणून मालकांना असे सुचवा की पहिले वर्षभर दिवसाचा ठरलेला पगार किंवा २५ टक्के यांपैकी जी रक्कम जास्त होईल ती मिळावी, आणि परमिट, हवामान किंवा ग्राहक यांच्यामुळे गाडी उभी राहिली तर त्या दिवसाचे वेगळे पैसे मिळावेत. टक्के कशावर मोजणार ते करारात लिहून घ्या. सध्या काम करणाऱ्या एखाद्या चालकाचे, नाव झाकून का होईना, हिवाळ्यासह सहा महिन्यांचे हिशेब पाहायला मागा आणि त्यांत खेपा न मोजता घराबाहेर गेलेले दिवस मोजा. पगार डब्ल्यू-२ वर (पगारी नोकर म्हणून) मिळणार की १०९९ वर (स्वतंत्र कंत्राटदार म्हणून), हेही विचारा, कारण १०९९ वर सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरचा पूर्ण १५.३ टक्के कर आपल्यालाच भरावा लागतो. टेक्ससमध्ये खासगी मालकांवर कामगार नुकसानभरपाईच्या विम्याची सक्ती नाही. लोबॉयवर चढ-उतार करताना पाय घसरणे ही नेहमीची गोष्ट असल्याने हा विमा आहे का, याचे उत्तर लेखी घ्या. यांपैकी एकही गोष्ट मालक मान्य करीत नसतील तर मी आपल्या जागी हे काम घेतले नसते. ताशी पगार देणाऱ्या एखाद्या क्रेन किंवा यंत्रे भाड्याने देणाऱ्या कंपनीत एक वर्ष हात बसवून मग टक्क्यांकडे वळलो असतो.

प्रश्न : माझ्या मेहुण्याने स्वतःचा ट्रक एका कंपनीकडे लीजवर लावला आहे. भाड्याचे ७० टक्के ठरले आहेत, पण कंपनी ग्राहकाचे बिल दाखवीत नाही. ते मागता येते का?
— एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)

उत्तर : होय. ट्रकमालकाला भाड्याच्या टक्क्यांवर मोबदला ठरला असेल तर हिशेबाच्या वेळी किंवा त्यापूर्वी दर लिहिलेल्या बिलाची प्रत देणे संघीय लीज नियमांनुसार कंपनीवर बंधनकारक आहे; तिला केवळ माल पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव खोडता येते. आवश्यक कागदपत्रे जमा केल्यापासून १५ दिवसांत पैसे देण्याचे बंधनही त्याच नियमांत आहे. मेहुण्यांनी प्रत्येक खेपेच्या बिलाची मागणी लेखी करावी. हा हक्क ट्रकमालकाचा आहे, पगारी चालकाचा नाही. म्हणून ह्यूस्टनच्या वाचकांनी बिल पाहण्याची अट आपल्या करारातच घालून घ्यावी.