घोडा की उंट

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बुद्धिबळाचा किताब गेल्याचं दुःख कळलं, त्यावर मी काही बोलणार नाही. पण 'कालपर्यंत ज्यांना हरवलं त्यांच्या रांगेत आता कुठे बसू, पुढच्या स्पर्धेत नावच देत नाही' असं तू लिहिलंस, ते मात्र खटकलं.

जगज्जेतेपदाचा चेन्नईचा २०१३चा सामना घे. विश्वनाथन आनंद आपल्याच शहरात नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसनकडून ६.५-३.५ असा हरला, एकही डाव न जिंकता. त्यातला नववा डाव पटावर मांडून बघ. आनंदकडे पांढरी मोहरी, राजाच्या बाजूला जोरदार हल्ला. सत्ताविसाव्या चालीला काळ्याचं प्यादं शेवटच्या रांगेत, बी१ या घरावर पोचून वजीर झालं, शहासकट. हल्ला सोडायचा नसेल तर मध्ये घालायला दोनच मोहरे, उंट किंवा घोडा. आनंदने जी३वरचा घोडा एफ१वर आणला. कार्लसनने वजीर ई१वर ठेवला आणि डाव तिथेच संपला. घोडा हलल्यामुळे ई१ ते एच४ हा कर्ण मोकळा झाला होता, आणि हल्ल्यासाठी हत्तीला एच४वरच जायचं होतं! उंट घातला असता तर काळ्याला नवा वजीर परत द्यावा लागला असता, डाव बराच लांबला असता.

हल्ला रचणारा आणि हे घर विसरणारा माणूस एकच. डाव त्याच्या चुकीने गेला, पण तो हल्ला रचण्याची ताकद कुठे गेली नव्हती.

पुढचा मार्च. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा, रशियातलं खांती-मानसिस्क. आनंद चव्वेचाळीस वर्षांचा, आठ जणांतला एक. पहिल्याच फेरीत आरोनियनला हरवलं. चौदा डावांत तीन विजय, अकरा बरोबऱ्या, पराभव एकही नाही. ८.५ गुण, दुसऱ्यापेक्षा पूर्ण एक जास्त. बाराव्या फेरीत आंद्रेइकिनविरुद्ध हातातला डाव त्याने बरोबरीत सोडला, तेव्हा मला चीड आली होती. आता वाटतं, आघाडीवर असताना अर्ध्या गुणाची किंमत त्याला आपल्यापेक्षा चांगली ठाऊक होती. त्या नोव्हेंबरात तो पुन्हा कार्लसनकडूनच हरला, हेही खरं. तरी २०१७मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जलद बुद्धिबळाचं जगज्जेतेपद त्याने मिळवलंच.

कास्पारोव्हचं तर आणखी गमतीचं. २००० साली लंडनला क्रामनिकने त्याला पंधरा डावांत एकदाही जिंकू दिलं नाही. पांढऱ्या मोहऱ्यांनी तो बर्लिन बचाव या काळ्याच्या भक्कम सुरुवातीवर डोकं आपटत राहिला. किताब गेला, पण मानांकनात पहिला नंबर २००५ साली निवृत्त होईपर्यंत त्याचाच. एका माणसाने महिनोन्‌महिने फक्त तुझ्यासाठी तयारी केली आणि तुला अडवलं, यातून बाकीच्यांविरुद्धच्या तुझ्या खेळाबद्दल फारसं काही ठरत नाही. आणि जगज्जेत्यांपैकी बरेचजण हरल्यावर त्याच रांगेत जाऊन बसले, जिथे बसायची तुला लाज वाटते.

मी स्वतः एकदा स्पर्धा हरल्यावर दीड वर्ष पट उघडला नव्हता. परत बसलो तेव्हा ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, आठवत होती, घड्याळाची सवय गेली होती. ती परत यायला जास्त वेळ लागला.

तर आधी तुझा निर्णायक डाव मला पाठव. संगणकाचं इंजिन लावून चाली तपासायच्या नाहीत. तुझ्याच अक्षरात, कुठल्या चालीला किती मिनिटं घेतलीस तेही लिही. तुझा घोडा कुठे हलला ते बघू. आणि स्पर्धेचा अर्ज भरायची शेवटची तारीख कळव.

तुझा,
सर