गोठा आणि बगीचा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंदूरजवळ राऊला आमचा बंगला आहे. माळी कण्हेरीचे कुंपण छाटून पाला फाटकाबाहेर टाकतो. तिथे गवळ्याच्या गायी फिरतात. शेजारच्या काकू म्हणतात, कण्हेर कडू असते, गाय तोंडसुद्धा लावत नाही. खरे आहे का?

उत्तर : काकूंचे अर्धेच बरोबर आहे. उभ्या झाडाच्या पानाला गाय सहसा तोंड लावत नाही. पण तोच पाला दोन दिवस उन्हात वाळला की त्याचा कडूपणा कमी होतो, विष मात्र तसेच राहते. त्यात लॉनचे कापलेले गवत मिसळले असेल तर मग विचारूच नका. शेळी ओठांनी वेचून खाते; गाय जिभेने विळखा घालून घास ओढते, तिला पान निवडता येत नाही.

मोठ्या जनावराला दहा-वीस पाने पुरतात. विष थेट हृदयावर जाते : रवंथ थांबते, पोट दुखते, हगवण लागते, नाडी अडखळते. कित्येकदा यातले काहीच दिसत नाही, सकाळी गाय मेलेलीच सापडते आणि घरचे म्हणतात साप चावला. महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकत असताना अशाच एका गायीचे पोट उघडले होते. चघळलेल्या चाऱ्यात भाल्याच्या पात्यासारखे पान आणि त्याची सरळ मधली शीर स्पष्ट ओळखू येत होती.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गाय बसली की आपल्याकडे आधी कॅल्शियमची बाटली शोधतात. कण्हेरीच्या विषबाधेत शिरेतून दिलेले कॅल्शियम जीव घेऊ शकते. म्हणून शंका असेल तर डॉक्टरांना पहिले वाक्य ‘कण्हेर खाल्ली असावी’ हेच सांगा. जनावराला चालवू नका, १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा. पाला पोत्यात बांधून कचऱ्याच्या गाडीत द्या. जाळू नका, धूरही त्रासदायक असतो.

प्रश्न : श्रावणी सोमवारचे निर्माल्य मी गायीला घालते. पायदळी जाऊ नये एवढाच हेतू. चालेल ना? (रामबाग)

उत्तर : बेल खुशाल घाला. पण त्याच टोपलीत पिवळी कण्हेर, धोतऱ्याचे फळ आणि रुईची फुलेही असतात, ती नकोत. पिवळ्या कण्हेरीची बी तर सगळ्यात जहाल. शंकराने हलाहल पचवले म्हणून नंदीच्या घरच्यांनीही पचवावे, असे नाही! आणि इंदुरात श्रावण दोनदा बसतो : हिंदी शेजाऱ्यांचा पंधरा दिवस आधी, मग आपला. म्हणजे निर्माल्याचे दिवस दीड महिना. ही तीन वेगळी काढून कुंडीत पुरा. हाराचा दोराही काढा, तो पोटात अडकतो.

प्रश्न : सिमरोलच्या शेतावर मे महिन्यात संकरित कालवड आणली. आता तिचे डोळे पिवळे, नाकपुडी सोललेली आणि अंगावरची फक्त पांढऱ्या ठिपक्यांची कातडी निघते आहे. काळी जागा ठीक आहे. खरूज असेल का?

उत्तर : खरूज काळे-पांढरे पाहत नाही. बांधावर घाणेरी आहे का ते बघा, हिंदीत रायमुनिया म्हणतात ती, लाल-नारिंगी गुच्छांची. शोभेसाठी आणलेली ही झुडपे आता रानोमाळ झाली आहेत. तिथलीच जनावरे ती टाळतात. बाहेरून आणलेले, त्यातून उन्हाळ्यात उपाशी असलेले जनावर फसते.

घाणेरीने यकृत बिघडते. मग हिरव्या चाऱ्यातून तयार होणारे एक द्रव्य पित्तावाटे बाहेर न पडता रक्तात साठते, आणि जिथे कातडी पांढरी तिथे ऊन लागले की भाजते. शिवाय पोटाची हालचाल मंदावते, त्यामुळे खाल्लेला पाला आतच राहतो आणि विष झिरपत राहते. म्हणून आजच सावलीत, शक्यतो अंधाऱ्या गोठ्यात बांधा, हिरवा चारा बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा. ते सक्रिय कोळसा, म्हणजे विष शोषून घेणारी औषधी भुकटी, देतील. मोठ्या गायीला अडीच किलोपर्यंत लागतो. चुलीतला कोळसा कुटून पाजू नका, तो हा नव्हे.

प्रश्न : मग गोठ्याभोवती लावायचे तरी काय? (देपालपूर)

उत्तर : जास्वंद, शेवगा, हादगा. छाटलेले थेट गव्हाणीत टाकता येते. नर्सरीतून ‘मेंदी’ म्हणून जे देतात ते एकदा तपासून घ्या. पिवळ्या मण्यांचे घोस येणारा दुरांटा असेल, तर परत करा.