सडलेला पत्रा आणि वेल्डिंगचं ठिगळ: वाचकांचे प्रश्न, नागपुरी डेंटरची उत्तरं

प्रश्न: भाऊ, वडिलांनी 1998 साली घेतलेली मारुती 800 आमच्याकडे अजून चालू आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं तर फ्लोअरला मूठ जाईल एवढं भोक. दाराखालच्या सिलमध्ये स्क्रू-ड्रायव्हर टोचला की सरळ आत जातो. एक डेंटर म्हणतो, फायबर (काचेच्या धाग्यांचं कापड आणि चिकट रेझीन) मारून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. दुसरा म्हणतो, कापून पत्रा वेल्ड करावा लागेल, आठवडा धरा. कोणाचं ऐकू? (वाचक, मानेवाडा)

उत्तर: दुसऱ्याचं ऐका. पण त्यालाही आधी विचारा, पाणी आत आलं कुठून? याचं उत्तर न देता जो ग्राइंडर हातात घेतो, तो तुमच्याकडे दोन वर्षांनी पुन्हा काम काढणार.

मुंबई-रत्नागिरीकडच्या गाडीला खारी हवा बाहेरून खाते. आपल्या नागपुरात तसं नाही. इथे हवा वर्षातले आठ महिने कोरडी, त्यामुळे वरून गाडी चकाचक दिसते आणि आतून सडते. एप्रिल-मेच्या 45 अंशांच्या उन्हात पुढच्या काचेचं रबर वाळून कडक होतं, आकसतं. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस आला की त्याच फटीतून पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरतं आणि थेट ड्रायव्हरच्या पायाखाली जातं. कार्पेट वरून दोन दिवसांत सुकतं. त्याखालचा नमदा, म्हणजे जाड लोकरीसारखा थर, मात्र दिवाळीपर्यंत ओला राहतो. फ्लोअर सडतं ते त्या नमद्याखाली. दुसरी वाट बोनटच्या मागच्या जाळीची. गाडी कडुनिंबाखाली उभी राहत असेल तर जाळीखालचं पाणी जायचं भोक पानांनी बुजतं आणि पाणी आत वळतं. तिसरी वाट खास आपल्याकडची: खिडकीतल्या कूलरचं पाणी चार महिने थेंब थेंब एकाच जागी छतावर किंवा डिकीच्या रबरावर पडत असतं आणि घरात कोणाचं तिकडे लक्ष नसतं.

म्हणून आधी सीट आणि कार्पेट काढा, एक माणूस टॉर्च घेऊन आत बसवा आणि बाहेरून पाइपने पाणी मारा. सुरुवात खालून करा, हळूहळू वर या. एकदम वरून मारलं तर सगळीकडूनच ओघळ येतात आणि कळत काही नाही. रबर बदलायचं असेल तर ते या कामातच बदला.

आता फायबरचं. जीप किंवा जिप्सीला खाली वेगळी चासी असते, वजन ती उचलते. 800 ला तशी चासी नाही. फ्लोअर, सिल, खांब आणि छत मिळून जो पिंजरा होतो, तीच तिची चासी. सिल म्हणजे आतला आणि बाहेरचा पत्रा जोडून केलेली पोकळ पेटी. गाडी मधून वाकू नये म्हणून ती आहे, आणि बाजूने धडक बसली तर पहिला मार तीच घेते. तिथे फायबर चिकटवलं तर भोक दिसेनासं होतं, ताकद येत नाही. शिवाय रेझीन गंजावर धरत नाही. वर्षभरात कड सुटते आणि मागे पाणी साचायला नवा खिसा तयार होतो.

कापताना हात आखडता घेऊ नका. भोकाच्या कडेला पत्रा कागदासारखा झालेला असतो, त्याला वेल्ड लावला की तो जळून भोक आणखी मोठं होतं. चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत मागे या. शंका आली तर हातोडीच्या दांड्याने ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. चांगल्या जागी व्हर्निअरने जाडी मोजा आणि तेवढाच सीआरसी (थंड लाटलेला, मुलामा नसलेला) पत्रा आणा. इतवारीच्या लोहा ओळीत गेज सांगितला की कापून मिळतो. फ्लोअरला बहुधा 20 गेज, म्हणजे सुमारे 0.9 मिलिमीटर पुरतो. सिलच्या पेटीला 18 गेज, म्हणजे 1.2 मिलिमीटर घ्या. कंपनीच्या फ्लोअरला लांब नाळी दाबलेल्या असतात, त्या शोभेच्या नाहीत. सपाट पत्रा बसवला तर तो पायाखाली डबडबतो आणि वेल्डच्या कडेला चिरतो, म्हणून ठिगळालाही नाळ पाडून घ्या. कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यातूनच चीर निघते.

सिल कापण्याआधी गाडी जॅकवर टांगून ठेवू नका. चारी बाजूंनी पक्क्या जागी स्टँड लावून ती समतल करा, दार लावलेलंच ठेवा आणि दाराभोवतीची फट चार ठिकाणी मोजून लिहून ठेवा. एका बाजूचं सिल पुरतं जोडून झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला ग्राइंडर लावायचा नाही. हे न पाळलेल्या गाड्या रस्त्यावर ओळखू येतात: दार उचलून लावावं लागतं.

आणि आगीचं. बॅटरी काढा. फ्लोअरवरचे डांबरी पॅड एक फूटभर खरवडून काढा, ते भडकतात. 800 ची टाकी मागे आणि इंजिन पुढे, म्हणजे पेट्रोलची नळी तुमच्या त्या भोकाजवळूनच जाते, सोबत ब्रेकची नळीही. टाकी उतरवा, नळ्या बाजूला घ्या, आणि वेल्डिंग चालू असताना एक माणूस फक्त पत्र्याच्या मागच्या बाजूकडे पाहत उभा ठेवा. आग नेहमी तिकडे लागते, वेल्डरला ती दिसत नाही.

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं काम आहे. गेट-ग्रिल रोज करतो. स्वतःच्या झेनच्या मागच्या मडगार्डला तळहाताएवढा तुकडा लावायला घेतला, तर रॉडच्या वेल्डिंगने भोकंच पडत गेली. मग सीओटू मशीन (गॅसच्या झोतात तार वितळवून जोडणारी) आणली. तुकडा बसला, पण आजूबाजूचा पत्रा लाटेसारखा झाला आणि वेल्डही जाळीदार येतो. (वाचक, हिंगणा रोड)

उत्तर: ग्रिलवाला हात आणि डेंटरचा हात यांत फरक इथेच आहे. तुमचा पाइप जाड, तो उष्णता पितो. मडगार्डचा पत्रा 0.7-0.8 मिलिमीटरचा, त्याला पिता येत नाही. रॉडने तो जळणारच. सीओटू मशीनवर तार 0.6 मिलिमीटरची घाला, फार तर 0.8. नुसत्या सीओटूऐवजी आरगॉन मिसळलेला सिलिंडर मिळाला तर पातळ पत्र्यावर काम आणखी मऊ होतं.

लाट आली, कारण तुम्ही सलग ओढत गेलात. गाडीच्या पत्र्यावर सलग वेल्ड करायचाच नसतो. टाका मारायचा आणि हात उचलायचा. पहिला वर, दुसरा समोर खाली, तिसरा डावीकडे, चौथा उजवीकडे. मग इंचभर अंतराने, नेहमी सर्वांत थंड जागा शोधून. पालथा हात टेकवता आला तरच त्याच्या शेजारी पुढचा टाका. टाक्यांना टाके भिडेपर्यंत असंच. तळहाताएवढ्या तुकड्याला अर्धी दुपार जाते, जाऊ द्या. लवकर थंड व्हावं म्हणून ओलं फडकं मारू नका, पाणी सांध्यात शिरतं. तुकडा मुळातच नीट कापलेला हवा. कडेला कड लागून भोवती तारेच्या जाडीएवढी फट राहिली पाहिजे. फट नसेल तर पत्रा तापून फुगतो आणि जायला जागा नसल्यामुळे उठतो.

आता आलेली लाट. वेल्ड थंड होताना आकसतो आणि भोवतालचा पत्रा ओढून घेतो. तो पुन्हा ताणायचा, म्हणजे मागे डॉली (हातात मावणारा पोलादी ठोकळा) धरून वेल्डच्या रेषेवरच हलके ठोके द्यायचे. आधी वेल्ड फ्लॅप डिस्कने (ग्राइंडरला लावायच्या पॉलिश पेपरच्या चकतीने) खाली घ्या, पण पत्रा निळा होईल एवढं रगडू नका; त्यातूनही लाट येते. सीओटूचा वेल्ड कडक असतो, ठोक्याला फार दाद देत नाही. गॅसचा, म्हणजे ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या ज्योतीचा वेल्ड मऊ, हातोडीखाली चांगला पसरतो. आमच्या पिढीतले कारागीर बाहेरच्या पॅनलला अजून गॅसच लावतात ते काही हट्टाने नाही. मात्र गॅसची उष्णता दूरवर पसरते, म्हणून हात बसलेला नसेल तर तुम्ही सीओटूवरच राहा.

आणि जाळी. तुम्ही लिहिलं नाही, पण मे महिन्यात काम केलंत तर शेडमध्ये कूलर चालू असणार, बरोबर ना? सीओटूचा गॅस वेल्डवर पांघरूण घालतो. कूलरचा झोत ते उडवून नेतो आणि वेल्डमध्ये हवा शिरून छिद्रं पडतात. कूलर बंद करा किंवा तोंड फिरवा. ओल्या हवेत घासलेला उघडा पत्रा रातोरात लाल होतो, तेही वाचेल.

प्रश्न: कूलर बनवून उरलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा घरी पडून आहे. त्याला गंज लागत नाही, मग तोच गाडीला का लावू नये? (वाचक, सक्करदरा)

उत्तर: पॉप रिव्हेट मारून लावलेला असा पत्रा मी बऱ्याच गाड्यांतून उपटला आहे. वेल्ड करायचा म्हटला तर जस्त सुमारे 907 अंशांना उकळतं, लोखंड वितळायच्या कितीतरी आधी. त्याचा पांढरा धूर नाकात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. वेल्डर लोक त्यावर दूध पितात, गूळ खातात. त्याने धूर बाहेर येत नाही. जस्त मिसळून वेल्डही फुटतो आणि छिद्रं पडतात. कडेचं जस्त जळून गेलं की गंजाला वाट मोकळीच. लावायचाच असेल तर कडेपासून इंचभर जस्त घासून काढा, उघड्यावर काम करा, योग्य मास्क लावा. पण एवढी मेहनत करण्यापेक्षा सीआरसी आणा. ॲल्युमिनियमचं तर नावच नको. लोखंडाला टेकून ओलं राहिलं की दोघांच्या सांध्यात ॲल्युमिनियमच जोरात सडतं.

प्रश्न: दोन्ही मागच्या दारांच्या खालच्या कडेला गेल्या उन्हाळ्यात पत्रा जोडून घेतला, रंगही छान आला. एकाच पावसाळ्यात पुन्हा फोड. डेंटर म्हणतो, रंगाचा दोष. खरं काय? (वाचक, धरमपेठ)

उत्तर: ताई, फोड बाहेर दिसतो आहे, रोग आत आहे. दाराच्या काचेवरून पाणी आत जातं, जाणारच. ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला भोकं असतात. नवा पत्रा जोडताना ती बुजली, किंवा पुट्टीने बुजवली. बोटाने चाचपून पाहा. नसतील तर आधी ती मोकळी करून घ्या.

दुसरं कारण पत्र्याची पाठ. वेल्ड केला की मागचा रंग जळतो आणि तिथे उघडं लोखंड राहतं. समोरून कितीही भारी रंग मारा, पाणी मागून येतं. मागच्या महिन्यात अशाच एका दाराची कड उघडली. वर रंग, खाली करंगळीएवढा पुट्टीचा थर, त्यामागे टाके एकमेकांपासून दोन-दोन इंच लांब. मधल्या फटी नुसत्या पुट्टीने भरलेल्या. पुट्टी पाणी शोषते. थर बोटाने दाबला तर ओल लागली. तुमचंही असंच असेल असं मी म्हणत नाही, पण लोहचुंबक फडक्यात गुंडाळून त्या कडेवर फिरवा. जिथे धरत नाही तिथे पुट्टी जाड आहे.

नीट करायचं तर क्रम असा: टाके पूर्ण भिडलेले, मागे बल्ब धरला तर उजेड दिसायला नको. मग उघड्या लोखंडावर एपॉक्सी प्रायमर, त्यावर लागली तर पुट्टी, तीही दोन-तीन मिलिमीटरच्या वर नाही. सांध्यांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. बाथरूमचा, व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन नको; त्यातलं आम्ल पत्रा खातं आणि त्यावर रंगही धरत नाही. सगळं वाळलं की दाराच्या आत, सिलच्या पेटीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळ जागेत फवारायचं गंजरोधक मेण) मारून घ्या. हा शेवटचा खर्च लोक वाचवतात, आणि तोच वाचवू नये. आपल्याकडे काहीजण त्याजागी जळकं इंजिन ऑइल मारतात. ते रबर फुगवतं, पुढच्या वेल्डिंगला पेट घेतं. गंजावरच डांबरी अंडरकोटिंग मारणं त्याहून वाईट, कारण ते तडकतं आणि आतली ओल धरून ठेवतं.

प्रश्न: सीएनजी लावलेली ओमनी आहे. मागच्या फ्लोअरला छोटंसं ठिगळ, फक्त दोन टाके. सिलिंडर जागेवर ठेवून चालेल का? (वाचक, कामठी रोड)

उत्तर: नाही. आधी अधिकृत सीएनजीवाल्याकडून सिलिंडर उतरवून घ्या, मग माझ्याकडे या.

प्रश्न: गाडीला 15 वर्षं होत आली, आरसी रिन्यू करायची आहे. आधी पत्र्याचं काम करावं की आधी आरटीओ? (वाचक, वाडी)

उत्तर: आधी पत्रा. रिन्यूअल पाच वर्षांचं मिळतं आणि गाडी तपासणीला दाखवावी लागते. फ्लोअरला भोक असलेली गाडी तिथे कशाला न्यायची? पण दोन गोष्टी डेंटरला लेखी सांगा. चासी नंबर ठोकलेल्या पत्र्याला ग्राइंडर लावायचा नाही, त्याच्या आसपास गंज असला तरी आधी तुम्हाला दाखवायचा. आणि पूर्ण रंग करणार असाल तर आरसीवर जो रंग लिहिला आहे तोच. दुसरा हवा असेल तर आधी आरटीओत अर्ज करा. काम चालू असताना रोज संध्याकाळी फोटो काढा: कापलेलं, जोडलेलं, प्रायमर मारलेलं. पुढे गाडी विकायची वेळ आली तर घेणारा तेच विचारतो, आणि डेंटरही फोटो निघतो म्हटल्यावर टाके जवळ जवळ मारतो.