आईला नसलेली माणसं दिसतात, वेड तर लागत नाहीये ना?

हाच प्रश्न घेऊन मुलगा आणि सून आजींना माझ्याकडे घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दिवेलागणीला माजघरात ओळीने बसलेल्या बायका त्यांना दिसायच्या. नातलगांपैकी कुणी म्हणे म्हातारचळ, कुणी म्हणे बाहेरचं काहीतरी. उशाशी अंगाऱ्याची पुडी आलीच होती.

मी आजींशी एकटीने बोलले. "त्या बोलतात का तुमच्याशी?"

"छे हो, आवाज नाही की काही नाही. तिथे कुणी नसतं, कळतं मला ते. पण साडीचे काठ कसे, नक्षीसकट दिसतात. आणि आमच्या सूनबाईचं तोंड मात्र धड दिसत नाही."

शेवटच्या वाक्यावर मी थांबले. आजींच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा मधोमध खराब झालेला होता. नेत्रतज्ज्ञ आणि फिजिशियन दोघांकडे पाठवलं, आणि निदान आलं चार्ल्स बॉनेट सिंड्रोम, म्हणजे नजर अधू झाल्यावर, डोकं शाबूत असतानाही नसलेलं दिसणं. 1760 साली जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स बॉनेट यांनी आपल्या आजोबांबद्दल हेच लिहून ठेवलंय: मोतीबिंदूने नजर अधू झालेली, डोकं शाबूत, आणि समोर माणसं, पक्षी, इमारती.

मुलाला मी समजावलं ते असं. समोर काय असेल याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो आणि डोळ्यांकडून आलेल्या माहितीवर तो ताडून बघतो. डोळ्यातून नस जिथे बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. तरी आपल्याला चित्रात भोक दिसत नाही, मेंदू ते बुजवतो. आजींकडे ताडून बघायला माहितीच तुटपुंजी येते, म्हणून मेंदूने रचलेलं चित्र तसंच समोर उभं राहतं.

आजींनी हे कितीतरी महिने कुणाला सांगितलं नव्हतं, वेड्यात काढतील म्हणून. माझा जीव तुटतो तो याच्यासाठी. घरच्यांनो, "काही नाहीये तिथे" म्हणून गप्प करू नका. काय दिसतंय ते विचारा. खोलीत चांगला उजेड ठेवा. चित्र दिसलं की मान न हलवता नजर डावी-उजवीकडे फिरवायला सांगा, पुष्कळदा ते विरून जातं. मात्र आवाजही येत असतील, दिसतंय ते खरंच वाटत असेल, किंवा माणूस अचानक गोंधळल्यासारखा वागू लागला असेल, तर कारण वेगळं असू शकतं. तेव्हा लगेच डॉक्टरांकडे न्या.

आजींना बायका अजून अधूनमधून दिसतात. आता त्या सुनेला हाक मारून काठाचा रंगसुद्धा सांगतात.