तुर्की पितळी हातगिरणीत कॉफी जाडसर का दळली जाते?

बहुतेक वेळा दोष स्क्रूचा असतो, गिरणीचा नाही. खालचा डबा काढा. दात्यांच्या तळाशी स्क्रू दिसेल. तो घट्ट करत गेलात की दळण बारीक होतं. तुर्की कॉफी गाळत नाहीत, गाळ कपाच्या तळाशी बसू देतात. म्हणून पूड पिठीसाखरेइतकी मऊ हवी, एस्प्रेसोपेक्षाही बारीक. स्क्रू इतकाही आवळू नका की दाते एकमेकांवर घासतील.

दळायला वेळ लागतो, हात भरून येतो. त्याला इलाज नाही. बिया थोड्या थोड्या घाला आणि एका वेळेपुरतंच दळा, कारण इतक्या बारीक पुडीचा सुगंध फार लवकर उडतो. गिरणी पाण्याने मात्र अजिबात धुवू नका, पोलादी दाते गंजतात. कोरडा ब्रश पुरतो.