आमचे आजोबा १९४८ मध्ये सोडलेल्या सातारा जिल्ह्यातील गावाविषयी कधीच का बोलले नाहीत?

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण असल्याचे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत, त्या कटाशी काडीचाही संबंध नसलेल्या अनेक ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली. तुमचे आजोबा अशाच एका कुटुंबातले असावेत; देश शोकात असताना स्वतःचे दुःख सांगणे त्यांना अपराधासारखे वाटले असावे. शिवाय जाळणाऱ्यांत काही ठिकाणी ओळखीचे चेहरे होते, तसे आसरा देणारे शेजारीही होते, आणि हे दुसरे मला अधिक मोलाचे वाटते. पुढे कूळकायद्याने अनेकांच्या जमिनी कसणाऱ्यांकडे गेल्या, जे न्याय्यच होते. मात्र परतण्याचे कारण उरले नाही. जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदी, अवश्य पाहा. घरातील वडीलधाऱ्यांना जाळपोळीविषयी नव्हे, तर आधी त्या घराच्या ओसरीविषयी, परसातील झाडांविषयी विचारा.